पार्किंगमधल्या खोलीत तू काय करायचीस?

कुंदा,

तुझं तेरावं झालं. पाहुणे गेले, उरलेल्या वड्यांचे डबे ज्याचे त्याला भरून दिले, आणि तुझा दादा हॉलमधल्या दिवाणावर आडवा झाला. तुझ्याच दिवाणावर. मी तुझ्या ट्रेलरची किल्ली मुठीत धरून दाराकडे निघाले, तर त्याने पडल्या पडल्या विचारलंच, "आता कुठे?" मी म्हटलं, "कोथिंबीर आणते." फ्रीजमध्ये अख्खी जुडी पडली होती, पण तुझ्या दादाने उभ्या जन्मात कधी फ्रीज उघडून पाहिलाय का!

खरं तर खोटं बोलायचं काही कारण नव्हतं. नणंद गेली, तिचं सामान आवरायला वहिनी खाली गेली, यात लपवण्यासारखं काय आहे? पण मला आवरायचं नव्हतंच. मला शोधायचं होतं. रोज संध्याकाळी दिवा लावून झाला की तू आपल्या सोसायटीच्या पार्किंगमध्ये जायचीस, मागच्या कंपाउंडला लागून उभ्या असलेल्या त्या पांढऱ्या, दोन चाकांच्या ट्रेलरचं कुलूप काढायचीस, आत शिरून पडदे ओढायचीस, आणि तासाभराने शांतपणे वर यायचीस. आत काय करायचीस, कुंदा?

विचारलं की म्हणायचीस, "काय एक नाय गो." तू मालवणीत शिरलीस की विषय संपला, हे मी नवीन नवरी असतानाच शिकले होते.

खोटं कशाला बोलू, मी नाही नाही ते तर्क केले. आधी वाटलं, जप करत असशील. पण तू तर आरतीलाही दुसऱ्या कडव्यानंतर पाय बदलायला लागायचीस. मग वाटलं, फोनवर कुणाशी तरी बोलत असशील. साठीनंतर माणूस सापडू नये असा काही नियम नाही. पण तुझा फोन वर टीव्हीशेजारी चार्जिंगला लावलेला. एकदा सिगारेटचा संशय आला, म्हणून तू वर आलीस तेव्हा मी तुझ्या जवळून दोनदा उगाच फिरले. तुझ्या लक्षात आलं. "वहिनी, मी काय पापलेट आहे का वास घ्यायला?" म्हणालीस. मग एका संध्याकाळी मी गरम कोथिंबीर वड्यांची बशी घेऊन खालीच आले. तू दार वीतभर उघडलंस, बशी घेतलीस, "थँक्यू गं" म्हणालीस आणि दार लावलंस. मी पार्किंगमध्ये उभी, वॉचमन माझ्याकडे बघतोय. अपमान झाला म्हणावा, तर तू किती गोड हसली होतीस.

तो ट्रेलर घरी आला तो दिवस मला लख्ख आठवतो. ड्रायव्हिंग स्कूलमधून तू नुकतीच रिटायर झाली होतीस. मुलुंडच्या निम्म्या बायकांना गाडी तू शिकवलीस. मलाही शिकवलीस. अजूनही एखादी बाई वळताना आरशात बघून, मान वळवून, पुन्हा आरशात बघते तेव्हा मी ओळखते, ही कुंदाच्या हाताखालची. तर रिटायर झाल्यावर ही काय करणार, यावर आमची घरात चर्चा चालायची. तुझ्या दादाला वाटायचं, तू देवदर्शनाच्या बसगाड्या धरशील. मला वाटायचं, मिळालेल्या पैशांच्या पाटल्या करशील. आणि तू एका रविवारी भांडुपच्या कुठल्याशा वर्कशॉपमध्ये बनवून घेतलेली ती पेटी आपल्या जुन्या गाडीच्या मागे जोडून गेटमधून आत आलीस. वॉचमनने विचारलं, "मॅडम, ये क्या है?" तू काच खाली करून म्हणालीस, "खोली है."

मी तिला डबा म्हणायचे. तू चिडायचीस. "डबा काय गं? खोली म्हण." सोसायटीच्या मीटिंगमध्ये सेक्रेटरींनी विषय काढला, हे वाहन समजायचं की बांधकाम? त्यावर तू उभी राहून विचारलंस, "पासिंग झालंय, नंबर प्लेट आहे. तुमच्या बांधकामाला नंबर प्लेट असते का?" सगळे हसले आणि ठराव बारगळला. पासिंगच्या वेळचा किस्सा तर तू प्रत्येकाला सांगायचीस. आरटीओच्या साहेबांनी विचारलं, "मॅडम, यातून माल काय नेणार?" आणि तू म्हणालीस, "मी."

आम्ही सगळे तेव्हा हसलो होतो. मी आज त्या उत्तराचा विचार करतेय. तुम्ही लालबागच्या चाळीत एका खोलीत सात जण वाढलात. बाबा गिरणीत पाळीवर, त्यामुळे दिवसासुद्धा कुणीतरी झोपलेलं आणि बाकीच्यांनी आवाज न करता वावरायचं. मग मुलुंडला हा फ्लॅट झाला. आत बेडरूम आमची, बाहेर हॉल सगळ्यांचा आणि हॉलमधला दिवाण तुझा. तुझा म्हणजे काय, तर दिवसा त्यावर बसतील ते पाहुणे, क्रिकेट बघेल तो तुझा दादा, अभ्यास करेल तो आमचा निनाद, आणि हे सगळे उठले की तू. पाहुणे रेंगाळले तर तू जांभया गिळत समोरच्या खुर्चीवर बसून असायचीस. "उठा आता, मला झोपायचंय" असं म्हणताना मी तुला एकदाही ऐकलं नाही. लग्न का केलं नाहीस हे सगळ्यांनी तुला विचारलं. तुला झोप येतेय का, हे कुणी विचारलं नाही.

आणि आपला ओटा. आपल्या घरात ओटा माझा होता. असं कुणी ठरवलं नव्हतं, भांडण तर कधीच झालं नाही. तू भाजी निवडून द्यायचीस, नारळ खोवून द्यायचीस, आणि ओट्यापासून हातभर लांब उभी राहायचीस. मला वाटायचं हिला स्वयंपाकाची आवडच नाही. किती वर्षं मी तसं सगळ्यांना सांगितलं!

मग आपण पहिल्यांदा केळशीला निघालो. तुझा दादा आला नाही, कारण त्याला अंथरूण बदललं की पोट बिघडतं. निनादला सुट्टी नव्हती. तेव्हा तू मला म्हणालीस, "वहिनी, येतेस का माझ्याकडे?" माझ्याकडे! एकाच घरात राहून इतकी वर्षं झाल्यावर नणंद भावजयीला आपल्याकडे बोलावते. मी बॅगेत चहापत्ती, साखर, पोह्यांची पिशवी, फोडणीचं सामान, सगळं भरलं. समुद्राजवळच्या एका वाडीत, सुरूच्या झाडांपाशी तू ट्रेलर लावलास, चाकांखाली अडसर म्हणून दगड लावलेस, आणि मी नेहमीच्या सवयीने आतल्या त्या इवल्याशा शेगडीपाशी गेले. तू माझ्या हातातून लायटर काढून घेतलास. "तू बस गं. पाहुणी आहेस."

कुंदा, तो चहा भयंकर होता. आलं इतकं की घसा पेटला. दुसऱ्या दिवशीची खिचडी खाली लागली आणि वरून कच्ची राहिली. मी हात बांधून बसले होते, आणि हात बांधून बसणं मला जमत नाही हे मला तिथे कळलं. मी तीनदा उठले, तू तीनदा बसवलंस. पण तुझा चेहरा! तू डब्यांची झाकणं उघडत होतीस, मीठ चाखत होतीस, "जरा उशीर होईल हं जेवायला" असं मला बजावत होतीस. अशी ऐट मी तुझ्यात कधी पाहिली नव्हती. मी म्हटलं, "छान झालीय." तू म्हणालीस, "खोटारडी," आणि परत वाढलीस.

आपण कितीदा गेलो मग. कधी दर्या, कधी रान. जव्हारच्या पुढे सागाच्या रानात एका पाड्याच्या कडेला आपण राहिलो होतो, ते आठवतं? सकाळी मी दारात बसून प्रत्येक पक्ष्याचं, प्रत्येक झाडाचं नाव विचारत होते. पाड्यावरची एक म्हातारी आपल्याला पाणी कुठलं भरायचं ते दाखवायला आली होती. तिला मी भंडावून सोडलं. ती कंटाळून म्हणाली, "बाई, झाड आहे. बस खाली." तू पोट धरून हसलीस. नंतर मला म्हणालीस, "वहिनी, तू ना जाम प्रश्न विचारतेस यार. नाव कळलं की तुझं बघणं बंद." मला राग आला होता. अजूनही मला हे पटलेलं नाही. ज्या पिवळ्या पक्ष्याकडे तू सकाळभर बघत बसलीस त्याला हळद्या म्हणतात, हे कळल्यावर मला तो जास्त दिसायला लागला, कमी नाही. हा वाद आपला अर्धाच राहिला. तुझ्याकडे उत्तर असणार, मला माहीत आहे.

आणि तो रिव्हर्सचा किस्सा. ट्रेलर मागे घेताना मी मागे उभी राहून हात करायचे आणि डावं-उजवं ओरडायचे, पण तू मागे वळून बघताना माझं डावं ते तुझं उजवं, त्यात ट्रेलर मागे जाताना स्टिअरिंग फिरवायचं ते भलतीकडेच. दोन-तीनदा भांडल्यावर तू नियम केलास, डावं-उजवं बंद. समुद्राकडे घे किंवा डोंगराकडे घे. कोकणात हे झकास चाललं. तिथे समुद्र एका बाजूला, डोंगर दुसऱ्या बाजूला, चुकायचं म्हटलं तरी चुकता येत नाही. मग आपण घरी आलो. मी पार्किंगमध्ये उभी राहून सवयीने ओरडले, "डोंगराकडे घे, डोंगराकडे!" आणि तू डोंगराच्या बरोबर उलट्या बाजूला घेऊन ट्रेलर कंपाउंडच्या भिंतीवर आपटलास. मागचा दिवा फुटला. तू खाली उतरून कमरेवर हात ठेवून म्हणालीस, "डोंगर पूर्वेला असतो!" मी म्हटलं, "अगं, मुलुंडमध्ये पश्चिमेला आहे, तो बघ समोर!" बिल्डिंगच्या वरून अख्खा नॅशनल पार्कचा डोंगर दिसत होता, तरी तू मान्य केलं नाहीस. "आपला डोंगर पूर्वेला असतो," इतकंच परत म्हणालीस. या मुलुंडमध्ये तुझं आयुष्य गेलं, आणि तुझा डोंगर मात्र अजून आपल्या गावच्या, देवगडच्या वाटेवरच होता.

तरी आपल्या गावाला ट्रेलर नेलास का कधी? नाही. दक्षिणेला गेलो तेव्हा फाट्यावरून सरळ पुढे गेलीस. मी म्हटलं, "अगं, घर आहे की तिथे." तू गाडी चालवतच म्हणालीस, "तिथे गेलं की मी कुंदाआत्या. मग माजघरात बायकांच्या रांगेत झोपायचं आणि सगळ्यांना विचारून आंघोळीला जायचं. आपली खोली आहे ना." मला वाटलं भावकीतलं काहीतरी जुनं असेल. आता वाटतं, जुनं काही नव्हतं, तू सांगितलंस तेवढंच होतं.

आता त्या वादाकडे येते. टाळून चालणार नाही.

शेवटच्या खेपेला केळशीच्या त्या वाडीतल्या काकी म्हणाल्या, "सारखं कशाला नेता-आणता? इथेच ठेवा. वर्षभर राहिलात तरी मला सोबत होईल." त्या सहज म्हणाल्या, पण तुझे डोळे बदलले. दुसऱ्या दिवशी सकाळी चहाचा कप माझ्या हातात देऊन म्हणालीस, "वहिनी, मी इथे राहिले तर?"

मी विचारलं, "किती दिवस?"

"दिवस नाही. राहिले तर."

मी काय काय बोलले! घर असताना बाई अशी उघड्यावर राहते का, म्हटलं. उघड्यावर कुठे, दार आहे, कडी आहे, तू म्हणालीस. लोक विचारतील, भावाने हाकललं का. विचारू देत, तू सांग नाही म्हणून. मग मी माझा हुकमी पत्ता काढला. "आणि आजारी पडलीस तर? इथे जवळ हॉस्पिटल आहे का?" तू कप खाली ठेवलास. "आजारी मुलुंडमध्येपण पडता येतं." मी म्हटलं, "पण तिथे हॉस्पिटल पाच मिनिटांवर आहे." तू कप उचलून विसळायला घेतलास. परतीच्या वाटेवर घाट उतरल्यावर एकदम म्हणालीस, "बघू," आणि तो "बघू" तिथेच राहिला.

हॉस्पिटल पाच मिनिटांवरच होतं, कुंदा. तू ओट्याजवळ, तुझ्या हातभर लांबच्या जागेवर उभी होतीस, पाठीत चमक आलीय म्हणालीस. तुझ्या दादाने चपला न घालता रिक्षा आणली. पाच मिनिटंही लागली नाहीत. डॉक्टरांनी काही बाकी ठेवलं नाही, आणि काही उपयोग झाला नाही. तू असतीस तर माझ्याकडे भुवया उडवून "बघ" म्हणाली असतीस. पण मी हरले असं समजू नकोस. केळशीला झालं असतं तर मी आयुष्यभर काकींच्या वाडीला शिव्या दिल्या असत्या. माझा मुद्दा चुकीचा नव्हता. फक्त तो माझा खरा मुद्दा नव्हता.

खरा मुद्दा हा होता की तू गेली असतीस तर मी कुणाशी बोलले असते? तुझा दादा चांगला माणूस आहे, पण त्याच्याशी बोलणं म्हणजे भाजीला किती किलो आणि लाइट बिल भरलं का. सकाळी डोळे उघडल्यापासून मी जे बोलते ते तुझ्याशी. हे त्या सकाळी एका वाक्यात सांगता आलं असतं. मी लोक काढले, हॉस्पिटल काढलं, आणि हे तेवढं मनात ठेवलं. तुला कळलं होतं का? तुला सगळं कळायचं, सिगारेटचा वास घेतलेलासुद्धा.

तर तेराव्याच्या संध्याकाळी मी कुलूप काढून आत गेले. इतकी वर्षं पाहुणी म्हणून गेले, एकटी कधीच गेले नव्हते. पडदे ओढले. माझ्याच जुन्या अबोली साडीचे पडदे, साडी तू मागून घेतली होतीस. पिवळा दिवा लावला आणि शोधायला लागले. गादी उचलली. खालचा कप्पा उघडला. बॅटरी, दोरखंड, निलगिरीच्या तेलाची बाटली, आमसुलांचा डबा, दोन कप, एक चाळणी. तुझी डायरी वगैरे सापडेल अशी मला आशा कशी वाटली कुणास ठाऊक, तू वाण्याची यादीसुद्धा कधी लिहिली नाहीस. फोटो नाही, चिठ्ठी नाही, पत्ते नाहीत, लोकरीचा गुंडा नाही. मी शेगडीमागेसुद्धा हात घालून पाहिलं. काही नाही.

मग मी शेगडी पुसली, कारण हात रिकामे होते. डबे ओळीत लावले. तुझी चादर झटकून परत घातली. हे सगळं इतक्या पटकन झालं की काय सांगू, एवढीशी तर खोली. आणि नंतर करण्यासारखं काही उरलंच नाही. वर घरात मी कुठल्याही खोलीत बसले तरी समोर माझं काहीतरी काम दिसतं. कपड्यांची घडी करायची असते, पंखा पुसायचा असतो, कुणीतरी हाक मारतं. इथे माझं एकही काम नव्हतं. बाहेर पोरांचं क्रिकेट चाललं होतं, पाण्याचा पंप सुरू झाला, कुणाच्या तरी कुकरची शिटी झाली आणि ती माझ्या कुकरची नव्हती. मी तुझ्या गादीवर टेकले आणि रडले. तू गेल्यापासून पहिल्यांदा. इतके दिवस वेळच मिळाला नव्हता गं, येणाऱ्या-जाणाऱ्यांचा चहाच किती टाकला मी. हुंदके दिले, नाक ओढलं, पदराला पुसलं, कुणी "वहिनी, सांभाळा" म्हणायला नव्हतं. मग रडूही संपलं. मग मी नुसती बसले.

किती वेळ बसले माहीत नाही. पडद्यावर बाहेरच्या झाडाची सावली हलत होती तिकडे बघत होते. झाड कुठलं, मला आठवलं नाही आणि मी आठवायचा प्रयत्नही केला नाही. पोरं घरी गेली, पंप बंद झाला, आणि एकाएकी मला हसूच आलं. इतकी वर्षं मी तुझ्यावर पाळत ठेवली, वास घेतले, वड्या तळून आणल्या, आणि तू मला पहिल्या दिवसापासून अगदी खरं उत्तर देत होतीस. तू आत काहीच करत नव्हतीस! ते करायलाच तू खाली यायचीस. मला तुझा राग आला, हे इतकं चांगलं असतं हे नीट सांगितलं का नाहीस म्हणून. आणि मग वाटलं, तू तरी कसं सांगणार होतीस? मी विचारतच राहिले असते.

दुसऱ्या दिवशी मी परत गेले. तिसऱ्या दिवशीही. कोथिंबिरीची सबब केव्हाच संपली. तुझ्या दादाने विचारलं नाही.

आणि मग काल बोरिवलीहून एक जोडपं आलं. तरुण, हौशी, पोरगी फार गोड होती. त्यांनी गादीची लांबी मोजली, छतावर थापटून पाहिलं, गाडीसकट घेतो म्हणाले. तुझ्या दादानेच बोलावलं होतं, मला न सांगता. ते गेल्यावर मी त्याच्याकडे बघितलं. तो खिडकीपाशी पाठ करून उभा होता. म्हणाला, "रोज दिसतो तो मला. सकाळी दूध आणायला उतरलो की समोर तोच. मी आता पुढच्या गेटने जातो." कुंदा, तो इतके दिवस लांबून वळसा घालून दूध आणतोय, आणि मला पत्ता नव्हता. चिडायचं ठरवून मी उभी राहिले होते, ते राहूनच गेलं.

तरी मी म्हटलं, "अहो, विकू नका."

"अगं, आठवण ठेवायची तर फोटो आहे तिचा. हे एवढं धूड कशाला?"

"आठवण म्हणून नकोय. मला हवाय तो."

"तुला? काय करायचाय तुला?"

"राहायचंय. केळशीच्या काकींना फोन केला मी. जागा आहे म्हणाल्या."

तो वळला. मी डोंबाऱ्याच्या दोरीवर चढले असते तरी त्याने असं बघितलं नसतं. "एकटी?"

"एकटी."

"तुला तो मागे घेता येत नाही."

"त्यांच्या वाडीला दोन फाटकं आहेत. एका फाटकातून आत जाईन, दुसऱ्यातून बाहेर येईन."

तो दिवाणावर बसला. मग हळूच म्हणाला, "माझं काही चुकलं का गं?" मी त्याच्या शेजारी बसले. म्हटलं, "नाही हो. तुमचं काही चुकलं नाही. कुंदाचंही तुमच्याशी काही वाकडं नव्हतं." त्याने मान हलवली. पटलं असेल असं मला वाटत नाही, पण त्याने बोरिवलीवाल्यांना फोन केला आणि नाही म्हणून सांगितलं. फोन खाली ठेवून विचारलं, "परत कधी येशील?"

तुला माहीत आहे, हा प्रश्न मला लग्न झाल्यापासून विचारला जातोय आणि माझ्याकडे त्याचं उत्तर कायम तयार असतं. दूध यायच्या आत. शाळा सुटायच्या आत. माहेरी गेले तरी सोमवारच्या आत. काल मी तोंड उघडलं आणि आत उत्तरच नव्हतं.

"माहीत नाही," मी म्हटलं.

आणि कुंदा, मला इतकं बरं वाटलं, इतकं बरं वाटलं, की ते सांगायला मी सगळ्यात आधी तुझ्याकडेच वळले.